मळसूत्र आणि घरधनी

पावसाळ्याच्या आरंभीं कपाटाचें दार फुगतें, बिजागरी ढिली होते आणि दार उघडतांना एका अंगास झुकूं लागतें. घरांतील कर्त्या पुरुषाच्या किंवा गृहिणीच्या हें ध्यानांत आलें, कीं टेबलाच्या खणांतून पेंचकस काढला जातो, बिजागरीचे तीन स्क्रू एकामागून एक आवळले जातात, व पांच मिनिटांत दार पूर्ववत् मिटूं लागतें. सुताराला निरोप धाडावा लागत नाहीं, त्याची वाट पाहावी लागत नाहीं, कीं मजुरीची घासाघीस करावी लागत नाहीं. हें काम इतकें क्षुल्लक, कीं तें केल्याचें कोणी कोणास सांगतही नाहीं. तथापि ज्याचा इतका थोडा गवगवा होतो, तें काम करण्याची सोय मनुष्याला फार उशिरां लाभली. छपाईची कला, दुर्बीण आणि वाफेचें यंत्र हीं सर्व अस्तित्वांत आल्यानंतरही कित्येक वर्षें सामान्य घरधन्याला आपल्या दाराचा स्क्रू आपल्या हातानें बदलणें शक्य नव्हतें. हा स्क्रू घराघरांत कसा आला, त्यानें घरधन्याच्या हातीं कोणता अधिकार दिला, आणि तो अधिकार आज पुनः कोणत्या वाटेनें निसटूं पाहत आहे, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

पेशवाईंतील एखाद्या वाड्याचें लाकूडकाम बारकाईनें पाहिलें, तर त्याची उभारणी स्क्रूवांचून झालेली दिसते. खांब, तुळया, चौकटी हीं सर्व लाकडांत लाकूड गुंतवून उभीं केलेलीं असत. एका तुकड्यास जीभ काढावी, दुसऱ्यास तिच्या मापाची खांच पाडावी, आणि दोन्ही एकमेकांत बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकावी, ही सुताराची रीत. दारही पुष्कळ ठिकाणीं बिजागरीवर फिरत नसे. फळीच्या वरखालीं काढलेलीं गोल टोंकें उंबऱ्याच्या व वरच्या पट्टीच्या खळग्यांत बसवीत आणि त्यांवरच तें फिरे. लोखंडी खिळे, कड्या व कोयंडे होते. परंतु ते लोहारानें भट्टींत तापवून, ऐरणीवर ठोकून एकेक केलेले.

अशा घराची डागडुजी कोण करी? गांवांत सुतार व लोहार हे बलुतेदार होते. वर्षभर नांगर, कुळव, गाडे आणि दारें-चौकटी दुरुस्त कराव्या, व सुगीच्या दिवसांत खळ्यावरून आपल्या हक्काचें धान्य न्यावें, अशी ही व्यवस्था होती. तींत एक प्रकारची निश्चिंती होती, हें खरेंच. पण तिची दुसरी बाजूही विसरतां येत नाहीं. ज्याचें घर त्याला हत्यार हातीं धरण्याचें कारण पडत नसे, आणि पांढरपेशा वर्गांत तर हत्यार धरणें हें आपलें काम नव्हे, ही समजूत जातिबंधनानें पक्की केली होती. ज्याच्या हातीं कसब त्याच्या घरीं प्रतिष्ठा नाहीं, आणि ज्याच्या घरीं प्रतिष्ठा त्याच्या हातीं कसब नाहीं, अशी ही विचित्र वांटणी होती. घराचा धनी घराचा मालक होता. परंतु त्या घराचें अंतरंग त्याला ठाऊक नव्हतें.

वास्तविक मळसूत्र हा शब्द मराठींत नवा नाहीं. मनोऱ्यांत फिरत फिरत वर चढत जाणाऱ्या जिन्याला मळसूत्री जिना असें आपल्याकडे म्हणतच आले आहेत. जगाच्या इतिहासांतही मळसूत्राचें तत्त्व फार प्राचीन आहे. नळींत बसविलेलें मळसूत्र फिरवून पाणी वर चढविण्याची युक्ति ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांतील ग्रीक गणिती आर्किमिडीज याच्या नांवानें ओळखली जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमन लोक द्राक्षें व ऑलिव्हचीं फळें पिळण्यासाठीं लाकडी मळसूत्राचे दाब वापरीत. म्हणजे पाणी उचलण्यास व रस पिळण्यास मळसूत्र होतें. परंतु दोन वस्तू एकमेकींस जोडण्याच्या कामीं धातूचा लहान स्क्रू येण्यास आणखी सुमारें चौदाशें वर्षें लागलीं. पंधराव्या शतकाच्या सुमारास युरोपांतील चिलखतांत व बंदुकींत तो दिसूं लागतो, आणि पुढें घड्याळांत त्याचा प्रवेश होतो.

हा विलंब होण्याचें कारण तत्त्वांत नव्हतें, तें करणींत होतें. खिळा ठोकून करतां येतो. स्क्रूला आटे पाडावे लागतात. हे आटे कारागीर कानशीनें घांसून, केवळ नजरेच्या अंदाजानें पाडीत असे. त्यामुळें एका पेटींत शंभर स्क्रू असले, तरी त्यांचे शंभर प्रकार असत. अशी वस्तु महाग असणारच, आणि महाग वस्तु कपाटाच्या बिजागरीस लागत नाहीं. ती सरदाराच्या बंदुकीस लागते.

१७६० सालीं इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यांतील जॉब व विल्यम वायट या दोघां बंधूंनीं लोखंडी स्क्रू यंत्रानें कातण्याच्या रीतीचें पेटंट मिळविलें. कारागिराच्या नजरेवर अवलंबून असलेलें काम यंत्राच्या मार्गदर्शनाखालीं आलें, व लाकडांत बसवावयाचा स्क्रू हळूहळू स्वस्त होऊं लागला. तरीही त्यांत एक मोठी उणीव राहिली होती. त्याचें टोंक बोथट असे. गिरमिटानें आधीं पुरेसें खोल भोंक पाडल्यावांचून तो लाकडांत शिरत नसे, आणि भोंक किंचित् मोठें झालें तर पकड घेत नसे. अर्थात् तो बसविणें हें अजूनही सराईत हाताचेंच काम होतें.

ही उणीव अमेरिकेंत दूर झाली. तेथील टॉमस स्लोन यानें १८४६ सालीं टोंकदार स्क्रूचें पेटंट घेतलें. गिरमिटासारखें टोंक असलेला हा स्क्रू लाकडांत आपली वाट आपणच शोधीत जाई. १८५४ सालीं बर्मिंगहॅमचे स्क्रू-कारखानदार नेटलफोल्ड यांनीं या स्क्रूचे इंग्लंडांतील हक्क विकत घेतले. त्यासाठीं लागणाऱ्या भांडवलांत त्यांचे मेहुणे चेंबरलेन यांनीं भाग घातला, आणि आपल्या बाजूनें व्यवहार पाहण्यासाठीं आपल्या अठरा वर्षांच्या मुलास बर्मिंगहॅमला धाडलें. हा मुलगा म्हणजेच जोसेफ चेंबरलेन. वीस वर्षें स्क्रूचा धंदा करून तो संपन्न झाला, १८७४ सालीं धंद्यांतून बाहेर पडला, आणि १८९५ सालीं ब्रिटनचा वसाहतमंत्री झाला. बोअर युद्धाच्या वेळीं ज्याचें नांव जगभर गाजलें, त्या मुत्सद्द्याच्या संपत्तीचा पाया दोन दिडक्यांच्या वस्तूवर उभारलेला होता, ही गोष्ट त्या वस्तूचा खप किती अफाट झाला होता याची साक्ष देते.

येथवर लाकडांत बसणाऱ्या स्क्रूची कथा झाली. परंतु घरांतील अर्ध्याहून अधिक यंत्रें लोखंडाचीं असतात, आणि त्यांत स्क्रूला लाकडाऐवजीं लोखंडी चाकीची, म्हणजे नटची, सोबत असते. येथें निराळीच अडचण होती. लाकूड मऊ असल्यामुळें कोणत्याही आट्यांना वाट देतें; लोखंडी नट तसा देत नाहीं. त्याचे आटे व बोल्टचे आटे तंतोतंत जुळले तरच दोन्ही एकत्र फिरतात. पूर्वीं प्रत्येक बोल्ट आणि त्याचा नट हें एकेक जोडपें असे. यंत्र उघडतांना जोडपीं वेगवेगळीं ठेवावीं लागत व त्यांवर खुणा कराव्या लागत. कारण एकाचा नट दुसऱ्यास लागत नसे. एक नट हरवला, तर त्या बोल्टासाठीं नवा नट कारागिराकडून मुद्दाम करवून घ्यावा लागे.

हेन्री मॉडस्ले नांवाच्या लंडनच्या कारागिरानें १८०० सालाच्या सुमारास या अडचणीचा निम्मा भाग सोडविला. त्याच्या लेथांत एक लांब, अत्यंत काळजीपूर्वक केलेलें मळसूत्र बसविलेलें होतें. तें फिरूं लागलें कीं कातण्याचें हत्यार ठरलेल्या गतीनें पुढें सरके, आणि समोर फिरत असलेल्या सळईवर त्याच प्रमाणांत आटे पडत. दंतचक्रें बदललीं कीं आट्यांमधील अंतर बदले. म्हणजे चांगला स्क्रू करण्यासाठीं आधीं एक चांगला स्क्रू लागतो. परंतु तो एकदां साधला कीं त्याच्यापासून हजारों एकसारखे स्क्रू निपजतात. चांगल्या गुरूपासून शिष्यपरंपरा चालावी, तसाच हा प्रकार आहे.

उरलेला निम्मा भाग मॉडस्लेच्याच कारखान्यांत काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थनें सोडविला. एका कारखान्यांतील सर्व स्क्रू एकसारखे झाले, तरी शेजारच्या कारखान्याचे निराळेच असत. व्हिटवर्थनें इंग्लंडांतील निरनिराळ्या कारखान्यांतून स्क्रूंचे नमुने गोळा केले, त्यांचीं मापें घेतलीं, त्यांचा मध्य काढला, आणि १८४१ सालीं लंडनच्या स्थापत्यविशारदांच्या संस्थेपुढें एक निबंध ठेवला. सर्व आट्यांचा कोन ५५ अंशांचा असावा, आणि बोल्टच्या जाडीनुसार दर इंचांतील आट्यांची संख्या ठरलेली असावी, असें त्याचें म्हणणें होतें. पाव इंची बोल्टला दर इंचीं २० आटे, अर्ध्या इंचीला १२, असा त्याचा क्रम होता. व्हिटवर्थनें आपलें माप लोकांवर लादलें नाहीं. सर्वांच्या मापांतूनच त्यानें एक माप काढलें, आणि म्हणूनच तें सर्वांना पटलें. थोड्याच वर्षांत ब्रिटनमधील कारखान्यांनीं तें स्वीकारलें.

या निबंधाचा घरधन्याशीं काय संबंध, असें कोणास वाटेल. संबंध अगदीं निकटचा आहे. जोंवर प्रत्येक नट एकाच बोल्टशीं जखडलेला होता, तोंवर मोडलेली वस्तु ती घडविणाऱ्याकडेच न्यावी लागे. नट बाजारांत मापावर मिळूं लागला, तेव्हां वस्तूची दुरुस्ती घडविणाऱ्याच्या हातून सुटली. ज्याच्याजवळ योग्य मापाचा पाना आहे, तो ती करूं शकतो, मग तो कारागीर असो वा शाळेंतील शिक्षक, पुरुष असो वा स्त्री. कोणत्याही सनदेवांचून व गाजावाजावांचून एक अधिकार असा सामान्य माणसाच्या हातीं आला.

ब्रिटिश यंत्रांबरोबर व्हिटवर्थचे आटे हिंदुस्थानांतही आले. रेल्वेचे कारखाने, कापडाच्या गिरण्या व छापखाने यांच्या पाठोपाठ शिवणयंत्र आणि सायकल हीं घरगुती यंत्रें शहरांतून दिसूं लागलीं. १८८८ सालीं बेळगांवांत लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं सायकलींचें लहानसें दुकान काढलें. पुढें लोखंडी नांगर करणाऱ्या आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या उद्योगाची सुरुवात सायकली विकण्यापासून व दुरुस्त करण्यापासून व्हावी, हा केवळ योगायोग नव्हे. सायकल ही उघडी पुस्तकासारखी असते. तिचें प्रत्येक अंग डोळ्यांसमोर असतें, प्रत्येक सांधा नट-बोल्टचा असतो, आणि दोन-चार पान्यांनीं ती संपूर्ण सुटी करून पुनः जोडतां येते. कित्येक मुलांची यंत्रविद्येची पहिली शाळा घराच्या ओसरीवर उलटी उभी केलेली सायकल हीच होती.

अमेरिकेंत हेंच कार्य मोटारीनें केलें. १९०८ सालीं हेन्री फोर्डची टी-नमुन्याची मोटार निघाली, आणि १९२७ पर्यंत अशा दीड कोटींहून अधिक मोटारी तयार झाल्या. त्यांचे भाग एकमेकांच्या जागीं बसणारे होते. गांवोगांवीं कारागीर नसलेल्या त्या विस्तीर्ण देशांत शेतकरी आपल्या कोठारांतच मोटार उघडी, झिजलेला भाग काढी, आणि नवा बसवी. मोटार ठेवण्याच्या खोलीच्या एका भिंतीशीं कामाचें टेबल व हत्यारांची फळी असावी, ही तेथील घराघरांतली चाल पुढें रूढ झाली.

परंतु हत्यार मिळालें म्हणजे हात तयार होतो, असें नाहीं. हाताला शिक्षण द्यावें लागतें, आणि तें लहानपणीं द्यावें लागतें. हें ओळखून फिनलंडांत उनो सिग्नेअस या शिक्षणज्ञानें १८६६ सालीं तेथील प्राथमिक शिक्षणांत हस्तव्यवसायास स्थान मिळवून दिलें. मुलाला सुतार करावें हा त्याचा हेतु नव्हता. डोळा, हात व बुद्धि यांना एकत्र काम करण्याची संवय लागावी, हा होता. आपल्याकडे १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यांत वर्धा येथें भरलेल्या शिक्षणपरिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तोद्योग हेंच शिक्षणाचें केंद्र असावें असा विचार मांडला. त्या योजनेच्या यशापयशाविषयीं पुष्कळ वाद झाले. पण तिनें ज्या दुखण्यावर बोट ठेवलें, तें वर सांगितलेलेंच होतें. लिहिणारा हात आणि घडविणारा हात यांची ताटातूट झाली, कीं दोघांचेंही नुकसान होतें.

इकडे स्क्रूच्या डोक्यांतही सुधारणा चालू होती. डोक्यावरील सरळ खांचेंतून पेंचकस घसरतो, हा अनुभव घरीं काम करणाऱ्या प्रत्येकास आहे. कॅनडांतील पीटर रॉबर्टसन नांवाच्या फिरत्या विक्रेत्याचा हात असाच पेंचकस घसरून कापला गेला, आणि १९०८ सालीं त्यानें चौकोनी खळग्याचा स्क्रू काढला. त्यांत पेंचकस घट्ट बसतो व स्क्रू त्याच्या टोंकाला चिकटून राहतो. हेन्री फोर्डला त्याचे हक्क हवे होते. परंतु रॉबर्टसननें ते दिले नाहींत, आणि त्याचा स्क्रू मुख्यत्वें कॅनडापुरताच राहिला. पुढें अमेरिकेंतील हेन्री फिलिप्स यानें अधिक चिन्हाच्या आकाराचा स्क्रू पुढें आणला. १९३६ सालीं त्यास पेटंट मिळालें, आणि हक्क वांटून देण्याचें धोरण ठेवल्यामुळें तो थोड्याच वर्षांत सर्वत्र पसरला. आज घराघरांतल्या पेंचकसांत एक चपटा व एक अधिकाच्या आकाराचा असतो, त्याचें मूळ या हकीकतींत आहे. उत्तम वस्तु मागें राहिली व सर्वांस मोकळी केलेली वस्तु पुढें गेली, हें येथें विशेष ध्यानांत घेण्यासारखें आहे.

लाकूड आणि लोखंड वश झालें, तरी भिंत उरली होती. विटांच्या किंवा दगडी भिंतींत स्क्रू पकड घेत नाहीं. तसबीर टांगावयाची झाली, तरी गवंडी भिंतींत मोठें छिद्र पाडी, त्यांत लाकडी गट्टू ठोकी, भोंवतीं चुना भरी, आणि मग त्या गट्टूंत स्क्रू बसे. १९११ सालीं लंडनमध्यें जॉन रॉलिंग्ज या कंत्राटदाराकडे ब्रिटिश म्यूझियमच्या भिंतींवर विजेचीं उपकरणें बसविण्याचें काम होतें, आणि भिंतींची नासधूस होतां कामा नये, अशी अट होती. त्यानें तागाच्या धाग्यांची, जनावराच्या रक्तानें घट्ट केलेली, एक बारीक नळी तयार केली. लहानशा छिद्रांत ती बसवून तींत स्क्रू पिळला, कीं नळी फुगून भिंतीला घट्ट धरी. हीच रॉवल प्लगची मूळ कल्पना. १९५८ सालीं जर्मनींतील आर्टुर फिशर यानें तीच युक्ति नायलॉनमध्यें आणली, आणि आज दुकानांत मूठभर मिळणारे प्लॅस्टिकचे प्लग रूढ झाले.

भिंतींत छिद्र पाडण्याचेंही साधन याच काळांत हातीं आलें. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं १९१० सालीं स्थापन झालेल्या ब्लॅक अँड डेकर कंपनीनें १९१७ सालीं पिस्तुलासारखी मूठ व घोडा असलेल्या विजेच्या ड्रिलचें पेटंट मिळविलें. तें प्रथम कारखान्यांसाठीं होतें. दुसऱ्या महायुद्धांत असंख्य स्त्रीपुरुषांना कारखान्यांत अशीं हत्यारें चालविण्याची संवय झाली, आणि १९४६ सालीं त्याच कंपनीनें घरगुती वापराचें स्वस्त ड्रिल बाजारांत आणलें. युद्धानंतर ब्रिटनमध्यें व अमेरिकेंत मजुरी महागली, घरें पुष्कळ बांधलीं जाऊं लागलीं, आणि आपलें काम आपणच करावें हें घरोघरचें ब्रीद झालें. १९५० नंतरच्या दशकांत ब्रिटिश दूरचित्रवाणीवर बॅरी बकनेल हे गृहस्थ लोकांना दारें, फळ्या व कपाटें दुरुस्त करण्याचे पाठ देत, आणि लक्षावधि लोक ते पाहत.

महायुद्धानें आणखी एक धडा शिकविला. अमेरिकेनें १८६४ पासून विल्यम सेलर्स यानें सुचविलेले ६० अंशांचे आटे स्वीकारले होते. त्यांत अर्ध्या इंची बोल्टला १३ आटे असत. इंग्रजी बोल्टला १२ आणि अमेरिकन बोल्टला १३, एवढ्या एका आट्याच्या फरकानें एकाच बाजूनें लढणाऱ्या दोन राष्ट्रांचीं यंत्रें एकमेकांच्या उपयोगीं पडेनात. अखेर १९४८ च्या नोव्हेंबरांत ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनीं एकरूप आट्यांचा करार केला. भारतांत १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं, आणि १९५८ पासून १९६२ पर्यंत तीं क्रमाक्रमानें लागू झालीं. स्क्रूचीं मापें मिलिमीटरांत छापूं लागलीं. तरी लोखंडी सामानाच्या दुकानांत गिऱ्हाईक आजही दीड इंची स्क्रूच मागतें, आणि दुकानदार तो न गोंधळतां देतो. मापें कायद्यानें बदलतात. तोंडांतले शब्द आपल्या सवडीनें बदलतात.

येथवरचा इतिहास दारें उघडत गेल्याचा आहे. यापुढें तीं मिटूं लागल्याचा आहे. १९६७ सालीं सहा टोंकांच्या ताऱ्याच्या आकाराचा टॉर्क्स स्क्रू निघाला. यंत्रानें आवळतांना तो घसरत नाहीं, म्हणून कारखान्यांना तो सोयीचा वाटला, आणि तो योग्यच होता. परंतु निराळ्या आकाराचा दुसराही एक उपयोग लवकरच ध्यानांत आला. ज्याचा पेंचकस घरीं नाहीं, तो स्क्रू म्हणजे कुलूपच. २००९ सालीं ॲपल कंपनीनें आपल्या एका संगणकांत पांच पाकळ्यांच्या डोक्याचा स्क्रू वापरला, आणि पुढें तो तिच्या टेलिफोनांतही आला. सामान्य दुकानांत त्याचा पेंचकस तेव्हां मिळत नसे. कित्येक वस्तूंत तर स्क्रूही राहिला नाहीं. कडा डिंकासारख्या द्रव्यानें चिकटविलेल्या असतात, आणि उघडूं जातां वस्तु फुटते. व्हिटवर्थपूर्व काळांत नट ज्याप्रमाणें आपल्या कारागिराशीं बांधलेला होता, त्याप्रमाणें आजची वस्तु पुनः आपल्या कारखान्याशीं बांधली गेली आहे.

कारखानदारांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. वस्तु पातळ व हलकी हवी, तिच्यांत पाणी शिरूं नये, अशी मागणी गिऱ्हाईकच करतें. आंतील विजेचा घट अडाणीपणानें टोंचला गेला तर पेट घेतो, हेंही खरें आहे. विजेच्या कामांत मुख्य बटण बंद केल्यावांचून हात घालूं नये, आणि जें आपणांस कळत नाहीं तें जाणत्यावर सोंपवावें, हा संयम घरधन्यास हवाच. परंतु धोक्याची सूचना देणें निराळें व दार बंद करणें निराळें. वैद्य पथ्य सांगतो. तो रोग्याचें स्वयंपाकघर बंद करीत नाहीं.

या प्रश्नाची जाणीव आतां जगभर होऊं लागली आहे. २००९ सालीं मार्टिना पोस्टमा या बाईंनीं ॲम्स्टरडॅम शहरांत दुरुस्तीचा एक मेळावा भरविला. लोकांनीं मोडक्या वस्तू आणाव्या, जाणत्यांनीं त्या त्यांच्यासमवेत बसून दुरुस्त कराव्या, अशी ती योजना होती. आज अनेक देशांत असे मेळावे भरतात. २०१२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यानें मोटारींच्या दुरुस्तीचा हक्क कायद्यानें मान्य केला. भारत सरकारच्या ग्राहकव्यवहार खात्यानें २०२२ सालीं या विषयावर समिति नेमली, व त्याच वर्षाच्या अखेरीस दुरुस्तीची माहिती एकत्र मिळण्याची सोय केली. २०२४ सालीं युरोपीय संघानें वस्तूंच्या दुरुस्तीस उत्तेजन देणारा निर्देश संमत केला. कायद्यानें मार्ग मोकळा होऊं शकतो. त्या मार्गानें चालण्यास मात्र पाय लागतात, आणि या बाबतींत पाय म्हणजे हातच.

सुशिक्षित घरांची खरी कसोटी येथें आहे. कायदा पुस्तकांचा हक्क देईल, सुटे भाग मिळवून देईल; पण घरांतील मुलानें आयुष्यांत एकदांही पेंचकस हातीं धरला नसेल, तर तो हक्क कागदावरच राहील. बलुतेदारीच्या काळांत घरधनी वस्तूच्या अंतरंगापासून दूर राहिला, तो प्रतिष्ठेच्या खोट्या कल्पनेमुळें. आज तो दूर राहत आहे, तो सोयीच्या मोहामुळें. कारण निराळें असलें, तरी परिणाम एकच. ज्या वस्तूचें झांकण काढतां येत नाहीं, तिची किंमत देऊनही मनुष्य तिचा भाडेकरूच राहतो.

म्हणून कपाटाच्या त्या ढिल्या बिजागरीकडे पुनः एकदां वळावें. कधीं कधीं असें होतें, कीं स्क्रू कितीही पिळला तरी नुसताच फिरत राहतो. लाकडांतील भोंक झिजून मोठें झालेलें असतें. अशा वेळीं स्क्रू काढावा, आगपेटींतील दोन-तीन काड्यांचीं गुलें मोडून टाकावीं, काड्यांना सुताराचा डिंक लावून त्या भोंकांत दाबून बसवाव्या, बाहेर राहिलेला भाग कापून टाकावा, डिंक वाळूं द्यावा, आणि तोच स्क्रू पुनः हलक्या हातानें पिळावा. लाकडाला नवें लाकूड मिळतें व स्क्रू पूर्वींसारखा घट्ट धरतो. या कामाला काड्यांपलीकडे खर्च नाहीं. तें करतांना घरांतील मुलामुलीस जवळ बसवावें, आणि शेवटचे दोन वेढे त्यांच्या हातानें घालूं द्यावे.